पोरींची डिस्क

वालूरच्या शाळेत डिस्क गोल्फच्या संघाची निवड चालली होती. लांबून डिस्क फेकायची, ती साखळ्यांच्या टोपलीत टाकायची, असा खेळ. सोळंके सरांनी पोरांना एका प्रकारची डिस्क दिली अन् पोरींना दुसऱ्या प्रकारची.

"ही लवंडणारी डिस्क," ते त्रिवेणीला म्हणाले. "कमी जोराच्या हातानं सरळ जाते. हातात लय दम असला की उजवीकडं लवंडून मातीत घुसते. तुमा पोरींना हीच बरी."

"सर, मला पोरांची द्या की."

"ती तुला झेपायची न्हाई."

कडब्याच्या पेंढ्या गंजीवर फेकून हात तयार झालेल्या त्रिवेणीच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळा राग मनगटात आणून तिनं डिस्क फेकली. ती उजवीकडं लवंडली अन् मातीत घुसली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पोरं फिदीफिदी हसली. सरांनी यादीतलं तिचं नाव खोडलं.

"पोरींची डिस्क फेकता येईना, अन् म्हणे पोरांची द्या! आण इकडं, बघ कशी फेकतेत."

सरांनी बाह्या सारल्या, दातओठ खाऊन अंगातला सगळा जोर लावला. डिस्क सुतासारखी सरळ गेली अन् टोपलीपाशी जाऊन पडली. पोरांनी टाळ्या कुटल्या.

त्रिवेणी तरातरा गेली, डिस्क उचलून आणली अन् सरांच्या हातावर आदळली.



"सर, ही तुमच्या हाताची हाय. आता माझ्या हाताची द्या."