जिथून उचललं तिथं

पाडसानं बाटलीचं निपल जिभेनं पुन्हा बाहेर ढकललं. दूध वर्षालीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"कालपासून एक घोट नाई घेतला जी," ती म्हणाली. "आमच्या आचलची बाटली हाय. उकळून घेतली, तरी."

अंगणात उभ्या वनरक्षक कोकिळाताईंनी पाडसाकडे पाहिलं. "पण तू याले उचललंच काऊन?"

"शेण वेचाले गेलती. गवतात एकलंच पडून होतं. मले वाटलं, माय टाकून गेली."

"हरणी टाकून नाई जात, बाई. पिलाले गवतात निजवते अन् आपण दूर चरते. कुत्र्यायचं ध्यान तिकडं जाऊ नये म्हणून. तू आचलले सासूपाशी ठेवून वावरात जातं, तं टाकून जातं का?"

वर्षालीचं तोंड एवढंसं झालं.

"जिथून उचललं तिथंच नेऊन ठेवू. माय तिथंच घुटमळत असंल. चाल, दिवस बुडायच्या आत."

"जा वो लवकर," पाळण्याला झोका देत सासू मनकर्णाबाई म्हणाल्या, "पोरीले मी पाहतो."

स्कुटीवर मागं बसून वर्षालीनं पाडस ओढणीत छातीशी धरलं. गाव मागं पडलं. आचलची पाजायची वेळ टळून गेली होती. दूध दाटून अंगाला ठणका लागला होता. हरणीलाही असंच ठणकत असेल, वर्षालीच्या मनात आलं. ती कोकिळाताईंच्या खांद्याआडून म्हणाली, "जरा जोरात घ्या ना ताई."

गुरं चारायच्या सरकारी जमिनीपाशी कोकिळाताईंनी करकचून ब्रेक दाबला. गवत नव्हतं. उलथलेल्या काळ्या मातीत खड्ड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि टोकाला जेसीबी आणखी एक खड्डा काढत होता.

"खड्डे खोदाले सोमवारी येणार होते हे," त्या पुटपुटल्या. मग हात हलवत ओरडल्या, "बंद कर रे!"

ड्रायव्हरनं मशीन बंद केली. ओढणीतलं पाडस पाहून तो हसला. "हरणाचं हाय का? याइच्यासाठीच तं जंगल लावून राह्यलो, मॅडम. तुमच्याच ऑफिसचं बोर्ड लागलं ना तिथं."

"हे हरीण झाडीत नाई राहत रे. त्याले उघडं गवत लागते," कोकिळाताई म्हणाल्या. बोलताना त्यांची नजर त्या बोर्डावर होती.

वर्षाली एका खड्ड्यापाशी गेली, दुसऱ्यापाशी गेली, परत फिरली. सगळे सारखेच. "इथंच कुठं तरी होतं, ताई. आता कसं सांगू?"

तेवढ्यात कोकिळाताईंनी तिचा दंड धरला. पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, हरणी उभी होती, मान ताणून. तिनं दोन पावलं इकडं टाकली. नाल्यातून गावची कुत्री वर चढली, तशी ती वळली आणि धुऱ्यामागं दिसेनाशी झाली. कुत्री थांबली नाहीत. ती खड्ड्यांच्या कडेकडेनं इकडंच येत होती.

वर्षालीनं घाईघाईनं पाडस खाली ठेवलं. "पळ ना माय! थे पाह्य, तिकडं गेली. पळ!"

पाडस पळालं नाही. त्यानं पाय पोटाखाली घेतले, मान लांबवून काळ्या मातीवर सपाट टेकवली, कान पाडले आणि आईनं शिकवल्यासारखं, श्वाससुद्धा रोखून, ते नसलेल्या गवतात लपलं.