गुडघे वाकव!

"गुडघे, गुडघे! कुठे ठेवून आलीस गुडघे? घरी?"

शिट्टीबाईंचा आवाज हॉलच्या पत्र्यावर आदळून परत आला. सगळ्या मुली जागच्या जागी थबकल्या. नाकतोडीने टाकलेला चेंडू पुन्हा एकदा रिंगला न शिवताच खाली पडला होता.

गळ्यातल्या शिट्टीमुळे बाईंना ते नाव पडलं होतं आणि त्यांना ते ठाऊकही होतं. बास्केटबॉलचा नेम शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोपर चेंडूखाली, नजर रिंगवर, शेवटी मनगट सैल. पण या सगळ्याच्या आधी गुडघे. ताकद पायांतून येते, हात नुसती वाट दाखवतात, हे त्या पोरींकडून रोज घोकून घेत. आणि जिच्या उड्या बघून सगळ्यांनी तिला नाकतोडी म्हणायला सुरुवात केली, तीच पोरगी हल्ली खांबासारखी ताठ उभी राहून छातीवरून दोन्ही हातांनी चेंडू ढकलत होती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी."

"अस्सं! बाबांनी. मग मी इथे काय माशा मारायला येते? चल, उठाबशा काढ. पाय आळशी झालेत तुझे."

मुलगी खाली बसली. उठताना तिने दोन्ही हात मांड्यांवर रेटले.

"हाताचा टेकू घ्यायचा नाही! म्हातारी झालीस का?"

पोरी फिदीफिदी हसल्या. नाकतोडीही हसली, तेव्हा तर बाईंचं डोकं आणखीनच फिरलं.

शनिवारी संघ निवडायचा होता. एकच जागा उरली होती आणि बाईंनी ती मनातल्या मनात हिच्यासाठी राखून ठेवली होती. ही पोरगी अगदी लहान असताना त्यांनी तिच्या हातात पहिला चेंडू दिला होता. तिची बोटं एकेक करून त्यांनी चेंडूवर बसवली होती. त्या सगळ्या मेहनतीवर तिचा बाप घरबसल्या पाणी ओतत होता. बाप कोण, तर कॉलेजात चार दिवस राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसलेला माणूस. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला! आज त्याला दोन शब्द सुनावायचेच, असं ठरवून बाई संध्याकाळी तडक त्यांच्या घरी गेल्या.

फाटक उघडंच होतं. मागच्या अंगणात भिंतीवर रिंग ठोकलेली होती. समोर स्वयंपाकघरातून आणून ठेवलेल्या खुर्चीवर नाकतोडी बसली होती, आणि तिचे वडील तिच्यापुढे जमिनीवर बसून तिचे दोन्ही गुडघे तळव्यांनी घट्ट दाबून धरत होते.

"पाय अजिबात हलवायचे नाहीत," ते म्हणत होते. "सगळा जोर खांद्यातून. हं, टाक."

चेंडू रिंगच्या कडेला लागून उडाला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय चाललंय हे?"

वडील दचकून उठले. "बाई! या ना, बसा."

"बसायला नाही आले मी. तुम्ही पोरीला बसवलंय तेवढं पुरे आहे. मी हॉलमध्ये ओरडून ओरडून घसा फोडते, गुडघे वाकव म्हणून, आणि तुम्ही इथे तेच गुडघे धरून बसता? लाज नाही वाटत?"

"तुमचं शिकवणं चूक आहे असं नाही म्हणत मी," वडील हळूच म्हणाले.

"मग काय म्हणताय? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं हो! उद्या सामन्यात हिला खुर्ची देणार आहे का कुणी?"

वडील मान खाली घालून चेंडूवरची धूळ पुसत राहिले. त्या गप्प बसण्याचाच बाईंना सर्वांत जास्त राग आला. निगरगट्ट माणूस, चूक कबूल करायलाही तोंड उघडत नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच शिकवायचंय ना? शिकवा. उद्यापासून हिला हॉलवर पाठवू नका. ती जागा मी दुसऱ्या मुलीला देते."

नाकतोडीचा चेहरा पडला. आतून तिची आई ओले हात पुसत दारात आली. तिचे डोळे लाल होते.

"अहो, आता तरी सांगा त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

"नको ना बाबा," नाकतोडी रडकुंडीला येऊन म्हणाली. "मग बाई माझ्यावर ओरडणारच नाहीत."

वडिलांनी चेंडू तिच्या मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांना डोळे भिडवले.

"डॉक्टर म्हणालेत, हिचे पाय फार तर वर्षभर साथ देतील. पुढचं सगळं चाकांच्या खुर्चीतून खेळायचंय, बाई."