खांद्यावरचा हात

"खांद्यावरचा हात काढ," फाय म्हणाला.

जहाज हाँगकाँगची हद्द ओलांडून मोकळ्या समुद्रात आलं होतं. जुगाराच्या टेबलांवरची झाकणं निघाली होती, आणि दिवसाच्या सहलीला आलेले झाडून सगळे म्हातारे-म्हाताऱ्या हातातले चहाचे पेले तसेच टाकून पत्त्यांवर तुटून पडले होते.

"पडशील," फाँग नवऱ्याला म्हणाली, आणि हात काढला नाही.

खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावला की त्याचं नशीब जातं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. लग्न झाल्यापासून तिने ते पाळलं होतं. पण गेल्या वर्षी फायची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून तो बसला की उजवीकडे कलायचा, आणि तेव्हापासून तिचा हात त्याच्या खांद्यावर मुक्कामालाच आला होता. तोंडही वाकडं झालेलं. डॉक्टरांनी रोज मेणबत्ती फुंकायचा व्यायाम दिला होता. जन्मभर मिनीबस दामटलेला माणूस, पण मेणबत्तीकडे बघायचासुद्धा नाही. "वाढदिवस आहे का माझा?" म्हणायचा. नंतर तेही म्हणेना, नुसता खिडकीशी बसून राही. म्हणून तर तिने हट्टाने त्याला आज बोटीवर आणलं होतं. त्याच्यात अजून काही शिल्लक आहे का, एवढंच तिला बघायचं होतं.

समोर जाडा लौ बसला होता. तो आणि फाय याच टेबलावर वर्षानुवर्षं एकमेकांना शिव्या देत खेळले होते. डावाला दोन बाजू, आणि इथला रिवाज साधा आहे. एका बाजूवर लावणाऱ्यांत ज्याची रक्कम मोठी, पानं त्याने उघडायची, बाकीच्यांनी बघायचं. लौने पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा चांगला ढीग लावला होता. फायने डाव्या हाताने थोड्या चकत्या त्याच बाजूवर सारल्या, तशा लौने आपल्यातल्या बऱ्याचशा हळूच मागे ओढल्या.

"बायको ओरडते हल्ली," तो म्हणाला. "फाय दादा, तूच उघड."

फायने त्याच्याकडे पाहिलं. "परत ठेव त्या."

"अरे, पण..."

"ठेव म्हणतो ना, जाड्या."

लौने ठेवल्या. मग फायने होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या, आणि त्याचा ढीग लौच्या ढिगावरून गेला. फाँगने मनातल्या मनात जाणाऱ्या पैशांचा हिशेब केला. खरं सांगायचं तर त्याच वेळी तिला आनंदही झाला.

"आता काढ हात."

तिने काढला. फाय उजवीकडे कलला. आणखी कलला. मग त्याने डावं कोपर टेबलावर रोवलं आणि हळूहळू, कुणाच्याही मदतीशिवाय, सरळ झाला.

"आधी समोरच्या बाजूची उघड," तो पानं वाटणाऱ्या मुलीला म्हणाला.

समोरच्या दोन पानांची बेरीज आठ निघाली. नऊच्या जवळ जाईल त्याचा डाव, म्हणजे आठला फक्त नऊच मारणार. फायचं पहिलं पान राजा, त्याची किंमत शून्य. दुसरं पान नव्वीच हवं होतं.

"काका, मी उघडून देऊ का?" मुलीने विचारलं.

"तू चहा पी जा," फाय म्हणाला.

डाव्या अंगठ्याने त्याने पानाची लांब कड केसभर उचलली. सगळे वाकले. कडेला एक बदाम दिसला, मग दुसरा, तिसरा, चौथा. चार म्हणजे नव्वी किंवा दश्शी. नव्वीच्या मधोमध एकच बदाम असतो. दोन असले तर दश्शी, म्हणजे शून्य, म्हणजे सगळं पाण्यात. नको असलेला बदाम फुंकून उडवायचा असतो. कागदावर छापलेला असला म्हणून काय झालं, या टेबलावर सगळे फुंकतात.

"फुंक!" लौ ओरडला. "फाय दादा, फुंक, माझेही पैसे आहेत त्याच्यावर!"

फायने ओठ जुळवले. हवा वाकड्या कोपऱ्यातून फसकन निसटली. कुणी हसलं नाही. फाँगने स्वतः फुंकायला तोंड पुढे केलं, पण त्याने डोळ्यांनीच तिला थांबवलं. पुन्हा ओठ जुळवले, गाल फुगवले, मान लालबुंद झाली, आणि त्याने फुंकलं. अशी फुंकर की शेजारच्या बाईच्या कपाळावरचे केस उडाले.

मग त्याने पान उघडून टेबलावर आपटलं. नव्वी.

एकच गलका झाला. जाडा लौ उठून नाचला. फाँगचं चकत्यांकडे लक्षच नव्हतं. ती पदर नसल्यामुळे बाहीला डोळे पुसत होती.

"मेणबत्ती फुंकायला काय होत होतं रे, मेल्या?"

"मेणबत्तीवर कुणी पैसे लावले होते?"

उन्हं कलल्यावर जहाज धक्क्याला लागलं. उतरताना सवयीने फाँगचा हात त्याच्या खांद्याकडे गेला.

"हात लावू नकोस."

"अरे, डाव केव्हाच संपला."

"कोण म्हणतं?" फाय म्हणाला, आणि डाव्या हाताने कठडा धरून पहिली पायरी उतरला.