सातवं गाणं

लोकेश आला तेव्हा मांडवाखाली भागीरथाबाई, सत्यशीलाबाई आणि रिना तिघीजणी विड्यांसाठी तेंदूच्या पानांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मधोमध पानांचा ढीग, ढिगाला टेकवलेला छोटा स्पीकर, आणि स्पीकरमधून लोकेशचंच सहावं गाणं धडधडत होतं. ते सरत आलं तशी भागीरथाबाईनं मान वर न करता हात लांबवला, अंगठ्यानं बटण दाबलं. सहाव्यामागून आठवं सुरू झालं.

लोकेशनं ते पाहिलं. गाडी स्टँडवर लावून तो तसाच उभा राहिला.

सावली गावच्या या पोरानं लॅपटॉपवर बसून केलेली अकरा गाणी आसपासच्या गावांत कोणाला ठाऊक नव्हती? ऑटोत तीच, वरातीत तीच. सातवं मात्र सगळे ढकलत. त्यात मध्येच ढोल थांबतो आणि मिनिटभर काही म्हणजे काही वाजत नाही. वरातीतली पोरं म्हणत, नाचता नाचता पाय अधांतरी राहतात. ते गाणं जीव लावून ऐकणारी एकच होती, भागीरथाबाईची लेक पायल. मागच्या साली तेंदूच्या हंगामात, जंगलात, त्याच मिनिटात वाघानं तिला नेलं.

आवाज चालू असला की जनावर वाट सोडतं, म्हणून बाया स्पीकर गळ्यात अडकवूनच जंगलात शिरतात. काल तो रिनाच्या गळ्यात होता. दोन्ही हातांत पानं, बटण दाबायचं राहिलं आणि सातवं वाजत वाजत त्या जागेवर आलं. रिना पानं फेकून काट्याकुट्यातून पळत सुटली. आज तिच्या दोन्ही पायांना हळद लावलेली होती. म्हणून सत्यशीलाबाईनंच लोकेशला फोन केला होता, की बाबा, काहीतरी कर.

"केलं," लोकेश म्हणाला. "त्या जागी ढोल भरला, मावशी. आता कुठीच थांबत नाई."

त्यानं मोबाइलवर लावून दाखवलं. ढोल सुरू झाला तो शेवटपर्यंत सुरूच. सत्यशीलाबाई म्हणाली, आता वरातीतबी चालते तुहं गाणं, लोकं फुकट नावं ठेवत होते. रिना हसली. मग भागीरथाबाईकडे पाहून तिनं हसू गिळलं.

सगळ्या ऑटोवाल्यांना नवं भरून दिलं, स्वतःकडचं जुनं पुसलं, आता एवढं एकच मेमरी कार्ड राहिलं, असं लोकेश सांगत होता. सांगताना तो पानांकडेच पाहत होता. स्पीकरमधलं कार्ड काढून त्यानं मोबाइलमध्ये घातलं.

"जुनं काढू ना, मावशी?"

भागीरथाबाई जुडी बांधत राहिली. सत्यशीलाबाईनं एकदा रिनाच्या पायांकडे पाहिलं.

"माह्या गाण्यानंच..." लोकेश म्हणाला. "म्या तिथी ढोल थांबवला नसता तं..."

"तुह्या गाण्यानं नाई नेलं तिले, बाबू."

हातातली जुडी बांधून भागीरथाबाईनं बाजूला ठेवली आणि सांगू लागली. जंगलात झुडपाआड एकीला दुसरी दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकीनं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी थोरलीपासून धाकटीपर्यंत पाळीपाळीनं ओ द्यायचा; सगळ्यांत शेवटी पायल देई. कोणाचा ओ आला नाही, की सगळ्यांनी ओरडत तिकडे धावायचं. हे त्या दोघींना ठाऊकच होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

"त्या दिशी हाक माहीच होती. ढोल थांबला, तवाच द्याची होती. म्या देल्लीच नाई." तिनं पदरानं हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "त्या गाण्यात कोणी मंधात बोललेलं पायलले खपे नाई. चिडे. म्हटलं, ऐकू दे लेकराले. सरल्यावर देईन हाक."

सत्यशीलाबाईच्या हातातली गाठ सुटून पानं मांडीवर पसरली. वर्षभर रोज बरोबर जंगलात जाऊन ही बाई एवढंच बोलली नव्हती.

"काढ ते," भागीरथाबाई म्हणाली. "बायांच्या जिवाचं हाये. पण एकडाव लाव. सगळं लाव."

लोकेशनं कार्ड पुन्हा स्पीकरमध्ये घातलं. सातवं गाणं लागलं. ढोल, ढोलावर सनई, सनईवर पुन्हा ढोल. आणि मग सगळं थांबलं. मांडवावरची वाळलेली पानं वाऱ्यानं सळसळली तेवढीच. भर दुपारी, घराच्या अंगणात, रिना सरकत सरकत सत्यशीलाबाईच्या अंगाला येऊन टेकली.

भागीरथाबाई उठून उभी राहिली. तोंडाशी दोन्ही हात धरून तिनं जंगलात देतात तशी लांब हाक दिली.

"होऽऽऽ"

मग सत्यशीलाबाईनं ओ दिला. मग रिनानं दिला.

ढोल सुरू व्हायला अजून वेळ होता.