हिरवा वाफा

पाण्याविना तगणारं चाऱ्याचं गवत शोधायला वैजयंतीने संशोधन केंद्रातल्या सगळ्या वाफ्यांचं पाणी तोडलं होतं. होळीपर्यंत सगळे वाळून कडकडीत झाले, एकच हिरवागार राहिला. हरखून तो दाखवायला तिने सासूबाईंना स्कूटरवरून आणलं.

"राहणारच की हिरवा," सासूबाई म्हणाल्या. "वाटेकडेचा हा वाफा कोरडा बघवेना गं. फिरायला यायचे तेव्हा तांब्याभर पाणी घालायचे."

वैजयंती मटकन बांधावर बसली. सगळी मेहनत पाण्यात गेली होती.

"आई, कालही घातलंत?"

"छे! संक्रांतीपासून गुडघा धरलाय. इथवर कोण चालणार?"

म्हणजे दोन महिने गवताला थेंबही नव्हता! वैजयंती ताडकन उठली आणि वाकून तिने सासूबाईंच्या गुडघ्याला नमस्कार केला.

"अगं, पाय खाली आहेत!"