त्वचा ठीक

“मोजा काढ,” तुरिड म्हणाली.

“त्यांचे पाय गार पडतात गं,” योरुन चादर खोचत म्हणाली. “बायकोनं विणलेला मोजा, हात लावू देत नाहीत. आणि चार्ट बघ की. रोज दोनदा लिहिलंय, ‘त्वचा ठीक’.”

तुरिड वॉर्डची प्रमुख परिचारिका, नेमणूक होऊन चार महिने झालेले. योरुन वॉर्डातली सगळ्यात जुनी. पलंगावरच्या ओड्लाइफनी चाळीस वर्षं नॉर्वेतल्या लोफोतेन बेटांजवळच्या समुद्रात कॉड मासे धरले होते. आधी खुब्याचं ऑपरेशन, मग न्यूमोनिया. सोळा दिवस ते उताणे पडून होते. आज खोलीत शिरताच तुरिडला गोडसर, कुजका वास आला होता.

तिनं स्वतःच मोजा उतरवला. लोकर टाचेला चिकटली होती. टाच काळी पडली होती, कडेनं पिवळं पाणी येत होतं.

“काय झालं?” ओड्लाइफनी विचारलं. “मला तर काहीच दुखत नाही.”

त्यांना तीस वर्षांचा मधुमेह होता. न दुखणं हीच भीतीची गोष्ट होती.

अकरा वाजता सर्जन आला. त्यानं चिमट्यानं जखम तपासली. टोक हाडाला लागलं. “सोमवारी पाऊल कापावं लागेल,” तो बाहेर येऊन म्हणाला. “गादीचा दाब पडून सुरुवातीला टाच नुसती लाल असणार. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली असती, तरी भागलं असतं.”

दोन वाजता पाळी बदलताना तुरिडनं सगळ्यांना बसवून घेतलं. टेबलावर चार्ट ठेवला. त्यावर बत्तीस सह्या होत्या. कॉफीला कुणी हात लावला नाही.

“नावं वर जाणार?” योरुननं विचारलं.

“जाणार.”

“वाटलंच. माझ्या निवृत्तीला पाच महिने उरलेत, आणि तुला नेमकी आत्ता शिकार हवी.”

आजपासून पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघींनी मिळून प्रत्येक रुग्णाचे मोजे, पट्ट्या काढायच्या, डोळ्यांनी बघायचं, मगच सही करायची, असं तुरिडनं सांगितलं. कुणी मान हलवली नाही. एक तरुण परिचारिका रडू आवरत होती. सगळ्यांची नजर त्या कागदावर होती.

तुरिडनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

“पहिला दिवस, संध्याकाळ. दोघीजणी आजारी होत्या म्हणून ड्यूटी मी केली. ओड्लाइफ झोपले होते, उठवावंसं वाटलं नाही. ‘त्वचा ठीक’ असं मी लिहिलं. मी पाहिलं नव्हतं. आत्ताच ओड्लाइफना हे सांगून आलेय.”

तिनं कागद खाली ठेवला. पुढचं नाव वाचलं नाही.

मग योरुननं हात लांब करून कागद स्वतःकडे ओढला.

“दुसरा दिवस, सकाळ,” ती म्हणाली. “मी.”