होडीत पाणी कोण भरतं

शेतावरून आल्याआल्या गोरक्षनं होडीच्या मागच्या कोपऱ्यातल्या भोकात बोट खुपसलं आणि पांढरा, चिकट लगदा ओढून काढला. फळ्यांवर तुंबलेलं पाणी भदाभदा धरणात पडलं.

"आज बी!" तो करवादला.

भंडारदऱ्याचा पाऊस तो. फळ्यांवरचं पाणी त्या भोकातून बाहेर गेलं नाही, तर फटींतून होडीच्या पोटात उतरतं आणि होडी बांधल्या जागीच बुडते. पावसाळा सरून पर्यटक येईपर्यंत ती तरायलाच हवी होती. घर तिच्यावर चालायचं. आणि खरं सांगायचं तर गोरक्षचा तिच्यावर जीव होता.

पाला अडकला असता तर त्यानं पावसाला शिव्या घातल्या असत्या. पण रोज असा लगदा, तोही नेमका भोकात? हे माणसाचंच काम. त्याचा संशय पलीकडच्या होडीवाल्या सूर्यभानवर होता. दोघांचा धंदा एकच. संशयाला आणखी काय लागतं?

घरी बायकोनं, बनुबाईनं, विचारलं, "आज बी पानी हुतं व्हय होडीत?"

"हुतं थोडं. पाऊसच लई हाय."

कुणी वाईटावर आहे, हे त्यानं सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर लावून घेतला असता तिनं. तरी तिचा चेहरा उतरलाच.

"उद्या न्हाई भरायचं," ती म्हणाली. बिचारी उलट त्यालाच धीर देत होती.

दुसऱ्या दिवशी लगदा दुप्पट निघाला. होडी एका अंगाला कलली होती. पाणी उपसता उपसता गोरक्षचे हात भरून आले. आता मात्र त्याचं डोकं फिरलं.

सकाळी लावणीला जातो म्हणून तो निघाला आणि काठी घेऊन धरणाकाठच्या करवंदीच्या जाळीआड बसला.

थोड्या वेळानं प्लॅस्टिकची खोळ पांघरलेलं कुणीतरी होडीत चढलं. मागच्या कोपऱ्यात बसलं. खोळीतून हात बाहेर आला आणि त्यानं भोकाच्या तोंडाशीच काहीतरी पांढरं थापलं.

गोरक्ष दबकत मागं पोचला. त्यानं काठी उचलली.

"पाण्यातल्या आसरा मायांनो," खोळीतून बनुबाईचा आवाज आला, "रोजचा दहीभात कमीच पडतोय तुमाला. आज पातेलंभर आनलाय. पर माज्या मालकाची होडी बुडू दिऊ नगा."